गल्ला फोनमध्ये गेला, हिशेब मात्र अजून डोक्यातच!

भिवंडीत यंत्रमागाच्या गल्लीतला चहावाला, मोहम्मद अली रोडवरचा अत्तरवाला, मालेगावची जुनी बेकरी, मिरजेत सतार दुरुस्त करणारा कारागीर, पुण्याच्या कोंढव्यात घरून बिर्याणीच्या ऑर्डरी घेणारी आपा. या सगळ्यांच्या धंद्यात आज एक गोष्ट सारखी आहे. समोर काळ्या-पांढऱ्या चौकटीचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि शेजारी 'इतके रुपये प्राप्त झाले' असे ओरडणारा डबा.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि नोटांना हात न लावता पैसे देण्याची सवय घराघरात शिरली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात एकाच महिन्यात यूपीआयचे २ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. दहा रुपयांच्या कटिंग चहासाठीही गिऱ्हाईक खिशात हात घालत नाही, फोन काढते. 'भाई, स्कॅनर कुठे आहे?' हा प्रश्न ज्या दुकानात चालत नाही, तिथून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. त्यामुळे 'ऑनलाइन घ्यायचे की नाही' ही चर्चा आता संपली आहे.

चर्चा व्हायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. रोख पैशाच्या काळात छोट्या दुकानाचा हिशेब मालकाच्या डोक्यात असायचा आणि तो बाहेर कुणाला दिसत नसे. आता रोजची प्रत्येक रक्कम बँकेला दिसते, करखात्याला मागवता येते आणि पोलिसांना तपासता येते. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाही मालकाचे नाव दिसते. धंदा असा चारही बाजूंनी उघडा झाला, पण आपल्या बहुतेक छोट्या व्यावसायिकांचा हिशेब मात्र अजून डोक्यातच आहे. आम्हाला वाटते, ऑनलाइन बँकिंगने आपल्या समाजातल्या लहान धंद्यांपुढे उभा केलेला खरा धोका हाच आहे. त्याचा इलाज रोखीकडे परत पळणे हा नाही. वही लिहायला लागणे हा आहे.

फायदा आहे, आणि तो खरा आहे

आधी चांगले ते सांगू. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. फाटकी किंवा खोटी नोट गळ्यात पडण्याची भीती कमी झाली. रात्री गल्ला घेऊन घरी जाताना वाटेत लुटले जाण्याची धास्ती राहिली नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे स्वीकारण्यावर दुकानदाराकडून कमिशन घेतले जात नाही. खर्च असतो तो फक्त आवाज देणाऱ्या डब्याच्या भाड्याचा.

आयकरातही एक सवलत आहे, जी आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. वर्षाला २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला सविस्तर हिशेब न देता अंदाजे नफ्यावर कर भरता येतो. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. म्हणजे तीच विक्री ऑनलाइन झाली तर कागदावरचा नफा कमी धरला जातो. एकूण विक्रीत रोख ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ही मर्यादा ३ कोटींपर्यंत जाते.

भिवंडी-मालेगावचे मजुरीवर कापड विणून देणारे लूममालक आणि धारावीतले चामड्याचे कारागीर यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. यांचा सर्वात मोठा त्रास म्हणजे व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. पण हे हत्यार वापरायला बिल लागते, नोंदणी लागते आणि आधीचे पैसे बँकेतून आल्याचा पुरावा लागतो. तोंडी सौद्याला आणि रोख मजुरीला हा कायदा फारशी मदत करू शकत नाही.

बेंगळुरूत काय घडले?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. आधार होता यूपीआयवर जमा झालेल्या रकमांचा, २०२१-२२ पासूनच्या चार वर्षांचा. हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याच्या खात्यात चार वर्षांत सुमारे १ कोटी ६३ लाख जमा झाले होते. त्याला सुमारे २९ लाखांच्या जीएसटीची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण यंत्राला भाजी दिसत नाही, आकडा दिसतो. बेंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद लागले, बंदची हाक दिली गेली. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांनी नोंदणी करावी, असे जाहीर केले.

ते कर्नाटकात झाले म्हणून आपण निश्चिंत राहायचे का? जीएसटीचा कायदा तोच आहे, बँकाही त्याच आहेत. म्हणून मर्यादा नीट समजून घेऊ. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या पुढे उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे, आणि हॉटेल, खानावळ, बिर्याणीचा स्टॉल हे कायद्याने सेवेत मोडतात. २० लाख ऐकायला मोठे वाटतात. दिवसाला भागून बघा. रोज साधारण ५,५०० रुपयांचा धंदा झाला की वर्षाचे २० लाख भरतात. रमजानच्या महिन्यात रस्त्यावर कबाब आणि नल्ली निहारी विकणाऱ्याला हा आकडा नवा नाही. ४० लाखांचा हिशेब दिवसाला सुमारे ११ हजारांचा. मोहल्ल्यातल्या चांगल्या चालणाऱ्या किराणा दुकानाची विक्री याहून जास्त असते, नफा भले शेकड्याला पाच-सात असो.

हीच मेख आहे. खात्यात आलेली रक्कम म्हणजे विक्री असते असेही नाही, नफा तर नाहीच. त्याच खात्यात साल्याने उसने परत केलेले पैसे येतात, बिसीचा नंबर लागल्याची रक्कम येते, सौदीहून भावाने अम्मीच्या औषधासाठी पाठवलेले येतात, मस्जिदीच्या बांधकामाचा चंदाही कधी दुकानदाराच्याच फोनवर गोळा होतो. चार वर्षांनी नोटीस आली की यातले विक्रीचे किती आणि घरचे किती, हे सांगायचे कसे? ज्याच्याकडे लिहिलेले आहे तो सांगू शकतो. बाकीच्यांना पूर्ण रक्कम विक्रीची नव्हती हे सिद्ध करत बसावे लागते.

मालाचाही फरक असतो. ताजे, न पॅक केलेले मटण-चिकन, दूध, भाजी, फळे, पाव यांवर जीएसटी नाही. बेकरीवाल्याच्या काउंटरवर मात्र पावाशेजारी केक आणि बिस्किटेही असतात, आणि त्यांच्यावर कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही दिलासा देणारी गोष्ट. म्हणजे एकाच दुकानात करमुक्त आणि करपात्र असा दोन्ही माल विकला जातो. दिवसाअखेर दोघांची बेरीज वेगळी लिहिली नाही, तर नोटीस पाठवणारा अधिकारी सगळेच करपात्र धरणार. मर्यादा ओलांडली तरी घाबरण्याचे कारण नाही. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला एकरकमी योजनेत १ टक्का कर भरून मोकळे होता येते, हॉटेलवाल्याला ५ टक्के.

खाते गोठते तेव्हा

करापेक्षा मोठा आणि अचानक बसणारा धक्का म्हणजे खाते गोठवले जाणे. हे कसे घडते ते समजून घेऊ.

समजा, नागपुरात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली आणि दोन लाख गेले. त्याने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. चोराने तोवर ती रक्कम पाच-सहा खात्यांत फिरवलेली असते. त्यातल्या एका खात्यावरून कुणीतरी तुमच्या दुकानात येऊन १,८०० रुपयांचे बूट घेतले. तुम्ही माल दिला, पैसे घेतले, गिऱ्हाईक गेले. काही दिवसांनी पैशांचा माग काढत तपास तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँकेला आदेश जातो. सकाळी दुकान उघडल्यावर ठोक व्यापाऱ्याला पैसे पाठवायला जाता, तर व्यवहार होत नाही. बँकेत गेल्यावर कळते की अमुक राज्यातल्या सायबर पोलिसांनी खाते थांबवले आहे. तुम्ही कधी त्या राज्यात गेलेलाही नसता.

वाद १,८०० रुपयांचा असतो, पण अनेकदा अख्खे खातेच बंद होते. त्यात कारागिरांचा हप्ता, दुकानाचे भाडे, मुलाची शाळेची फी, सगळे अडकते. मोठ्या कंपनीची दहा खाती असतात. आपल्या माणसाचे एकच असते आणि त्याच्यावर घर चालते. बकरी ईदच्या आधी बकऱ्यांच्या बाजारात एका दिवसात अनोळखी लोकांकडून वीस-वीस, तीस-तीस हजार फोनवर घेणाऱ्या व्यापाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त आहे.

या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय महत्त्वाचा आहे. तिथेही असंख्य छोट्या व्यापाऱ्यांची खाती अशीच बंद झाली होती. पोलिसांच्या पत्रात जितकी संशयित रक्कम नमूद असेल तितकीच बँकेने रोखावी, बाकी खाते चालू द्यावे, अशी दिशा न्यायालयाने दिली. आम्हाला वाटते, देशभरात हाच नियम लागू व्हायला हवा. चोराला पकडण्यासाठी पैशाचा माग काढणे बरोबर, पण प्रामाणिकपणे माल विकणाऱ्याची चूल बंद करणे हा न्याय नाही.

असे घडलेच तर पहिली गोष्ट, घाबरून एजंटाच्या मागे लागू नका. 'पाच हजार द्या, खाते सोडवून देतो' म्हणणारे लोक आता या धंद्यातही आले आहेत. बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक काय, कोणते पोलीस ठाणे, किती रक्कम, कोणत्या तारखेचा व्यवहार. त्या दिवसाचे बिल, मालाची खरेदी पावती, दुकानाचा परवाना जोडून त्या ठाण्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांनी मालमत्ता ताब्यात घेतली तर त्याची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्यामुळे वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करण्याचाही मार्ग खुला असतो. बँक ३० दिवसांत तक्रारीचे समाधान करत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तिथे दाद मागायला फी लागत नाही. या प्रत्येक पायरीवर विचारले जाणार ते एकच: बिल आहे का?

इथे आपल्या तरुणांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आपले खाते, एटीएम कार्ड, सिम कुणालाही 'वापरायला' देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावातले एक प्रकरण राज्यभर गाजले. नोकरीचे आमिष दाखवून साध्या घरांतल्या तरुणांची कागदपत्रे घेतली गेली, त्यांच्या नावाने सहकारी बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरल्याचे समोर आल्यावर ईडीचा तपास सुरू झाला. निवडणुकीचे दिवस होते, त्यामुळे त्या प्रकरणावरून अख्ख्या समाजाला बोल लावणारी भाषणेही झाली. महिन्याला पाच-दहा हजारांसाठी खाते भाड्याने देणारा मुलगा स्वतः तर अडकतोच, शिवाय मोहल्ल्यातल्या प्रत्येक दुकानदाराकडे बँक संशयाने बघायला लागते.

स्कॅन केले की नाव दिसते

आता एक गोष्ट, जिच्यावर मोठ्या वर्तमानपत्रांच्या अर्थपानात कुणी लिहीत नाही. यूपीआयने पैसे देताना फोनवर समोरच्याचे नाव येते. जून २०२५ अखेरपासून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने नियम केला की, व्यक्तीला आणि छोट्या दुकानदाराला पैसे पाठवताना बँकेत नोंदलेले खरे नावच दिसले पाहिजे, फोनमध्ये सेव्ह केलेले किंवा स्वतः ठेवलेले टोपणनाव नाही. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम चांगलाच आहे. पण ज्या वातावरणात आपण राहतो, त्यात त्याचा दुसरा अर्थही होतो. दुकानाच्या पाटीवर गावाचे, फुलाचे किंवा नदीचे नाव असले तरी बचत खात्याचा क्यूआर लावला असेल, तर गिऱ्हाइकाला मालकाचे वैयक्तिक नाव दिसते.

उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या दुकानदारांना नावांच्या पाट्या लावायला सांगितले गेले, तेव्हा २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला अंतरिम स्थगिती दिली होती. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने पुढे तो रद्द ठरवला. म्हणजे कायदा आपल्या बाजूने उभा राहू शकतो. पण स्कॅनरवरचे नाव वाचून फोन खिशात ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध कुठल्या न्यायालयात जाणार?

याचा अर्थ नाव लपवा, असे आम्ही म्हणत नाही. आपले नाव ही लाजेची गोष्ट नाही, आणि या राज्यातली बहुतांश गिऱ्हाइके आजही मालाचा दर्जा आणि जिभेची गोडी बघूनच येतात. पंढरपूरच्या वाटेवर आणि गणपतीच्या दिवसांत आपल्या कारागिरांची, फुलवाल्यांची, बँडवाल्यांची गरज कुणाला नवी नाही. मुद्दा इतकाच की धंद्याची ओळख धंद्याच्या नावाने व्हावी. दुकान परवाना, ज्याला मुंबईत अजूनही गुमास्ता म्हणतात, आणि उद्यम प्रमाणपत्र यांच्या आधारे दुकानाच्या नावाने चालू खाते उघडता येते. मग स्कॅन केल्यावर दुकानाचे नाव दिसते. हे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि मोठे व्यापारी हेच करतात. शिवाय बचत खात्यातून धंदा करू नये, असा बँकांचा नियमही आहे.

व्याजाचा प्रश्न आणि फोनवरचे कर्ज

चालू खात्याचा आणखी एक फायदा आपल्या वाचकांना लगेच कळेल: त्यावर व्याज मिळत नाही. रिबापासून दूर राहू इच्छिणाऱ्या दुकानदाराला बचत खात्यापेक्षा हे खाते मनाला जास्त पटते. मात्र किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि न ठेवल्यास दंड किती, हे बँकेत आधी विचारून घ्यावे.

कर्जाची गोष्ट अवघड आहे. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते की काही बँकांनी मुस्लिम वस्त्या असलेले भाग 'नकारात्मक' ठरवून ठेवले आहेत, तिथे सहजी कर्ज मिळत नाही. बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतला आणि तो विषय तिथेच थांबला. ही पोकळी आता फोनवरच्या कर्जाने भरली जात आहे. रोज क्यूआरवर किती पैसे येतात हे कंपनीला दिसते. मग संदेश येतो, 'तुम्हाला १ लाख मंजूर झाले आहेत, एक बटण दाबा.' ना कागद, ना जामीनदार.

समजा, १ लाख घेतले आणि वर्षभर रोज ३३० रुपये कापले गेले. एकूण फेड १ लाख २० हजारांच्या पुढे गेली. वरवर बघता २० टक्के वाटतात. पण मुद्दल रोज कमी होत असते, त्यामुळे खरा दर ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय पावसाळ्यात धंदा मंदावला तरी कापणी थांबत नाही. आलेल्या विक्रीतून आधी हप्ता जातो, मग उरलेले हातात येते. शरीअतच्या दृष्टीने जे आहे ते आहेच, साध्या व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा आहे.

फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. १५ हजार, मग २५ हजार, मग ५० हजार असे टप्पे आहेत आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के अनुदान मिळते. तरीही ते व्याजी कर्जच आहे, त्याबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. आमचा प्रश्न समाजाला आहे. काही शहरांत बिनव्याजी पतसंस्था चांगले काम करत आहेत. मुंबईत १९३९ मध्ये बॉम्बे मर्कंटाइल सहकारी बँक उभी राहिली, ती छोट्या माणसाच्या बचतीवरच. ज्या समाजाने तेव्हा हे केले, त्याने आज वीस-पंचवीस हजारांच्या भांडवलासाठी आपल्या फेरीवाल्याला फोनवरच्या कर्जाच्या तोंडी का द्यावे?

घरातला धंदा, घरातलाच धोका

शिवणकाम, मेहंदी, लोणचे-पापड, केक, बुरखे आणि अबाया, असा घरून चालणारा धंदा आपल्या हजारो बहिणी करतात. पण क्यूआर बहुधा शौहरच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. मेहनत तिची, नोंद दुसऱ्याच्या नावावर. उद्या तिला कर्ज हवे असेल, उद्यम नोंदणी करायची असेल, तर तिच्या नावावर काहीच नाही. इस्लामने स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क मानला आहे. मग तिचे खाते तिच्या नावाने असायला अडचण कसली?

दुसरी गोष्ट बोलायला नको वाटते, पण बोलली पाहिजे. पूर्वी दुकानदाराचा इंतकाल झाला तर गल्ला आणि उधारीची वही घरच्यांच्या हाती लागायची. आता फोनला कुलूप असते, खाते कोणत्या बँकेत हे बायकोला ठाऊक नसते आणि वारस म्हणून कुणाचे नाव नोंदलेले नसते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम ताब्यात घेते, मालक होत नाही. वाटणी विरासतीच्या हिश्श्यांनुसारच व्हायची आहे. पण नाव नोंदलेले असेल तर बँकेतल्या खेटा तरी वाचतात.

फसवणुकीबद्दल तीनच वाक्ये. पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, डब्याचा आवाज ऐका किंवा आपल्या फोनवर जमा रक्कम बघा. आणि रोज सकाळी आपलाच क्यूआर एकदा स्कॅन करून नाव तपासा, कारण रात्रीतून दुसऱ्याचे स्टिकर चिकटवून जाणारे चोर असतात.

मग करायचे काय?

दुकानदाराने आजपासून चार गोष्टी कराव्यात. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे करा. बिसी, चंदा, उसनवार यांतले काहीही धंद्याच्या खात्यात घेऊ नका. धंद्याशिवाय आणखी एका बँकेत खाते ठेवा आणि त्यात महिनाभराच्या खर्चाइतकी रक्कम असू द्या, म्हणजे एक गोठले तरी चूल पेटेल. अनोळखी गिऱ्हाइकाची रक्कम मोठी असेल तर बिल फाडा, त्यावर नाव आणि फोन नंबर घ्या. आणि रोज रात्री शटर ओढण्याआधी दहा मिनिटे रोजमेळ लिहा: रोख किती आली, ऑनलाइन किती, माल कितीचा घेतला, उधारी किती दिली, घरी किती नेले. इंग्रजी नको, संगणक नको. मराठीत किंवा उर्दूत, दोनशे पानी वहीत चालेल. घरात दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या, ते आनंदाने करतील.

मस्जिदींच्या ट्रस्टना आणि जमाअतींना आमची विनंती आहे. आपल्या मोहल्ल्यांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली कॉमर्सची पदवी घेतात, काही सीए होतात. महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर दोन तास मस्जिदीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या वर्गात हिशेबाचे मदत केंद्र बसवा. उद्यम नोंदणी, दुकान परवाना, जीएसटीची नोटीस, गोठलेल्या खात्याचा अर्ज, एवढ्या चार कामांत मदत मिळाली तरी शेकडो कुटुंबांचा रोजगार वाचेल. याला लाखोंचा निधी लागत नाही. एक टेबल, एक प्रिंटर आणि दोन जाणती माणसे पुरतात.

सरकारकडे मागणी दोनच. संशयित रक्कम रोखा, खाते नको. आणि खातेदाराला कारण त्याच दिवशी लेखी कळवा. दुसरे, करखात्याने छोट्या माणसाला थेट लाखोंची नोटीस देण्याआधी त्याच्या बाजारात येऊन नोंदणीचे शिबिर घ्यावे. हा काही एकट्या मुस्लिम व्यावसायिकांचा प्रश्न नाही. बेंगळुरूत नोटिसा आल्या तेव्हा त्या सर्व धर्मांच्या चहावाल्यांना आणि भाजीवाल्यांना आल्या. म्हणून बाजारपेठेतल्या व्यापारी संघटनांत आपण सामील झाले पाहिजे आणि ही मागणी सगळ्यांसोबत केली पाहिजे.

शेवटी एक आठवण. कुरआनातली सर्वात मोठी आयत कोणती? सूरह अल-बकराची २८२ वी. तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, साक्षीदार ठेवणे, रक्कम छोटी असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा न करणे. रोजमेळ लिहिणारा दुकानदार करखात्यापुढे सुरक्षित राहतोच, शिवाय रमजानमध्ये जकात काढताना त्याला अंदाज बांधावा लागत नाही. माल किती, रोकड किती, येणे किती, देणे किती, सगळे समोर असते आणि अडीच टक्के चोख निघतात. बाकी काही जमो न जमो, आज रात्री दुकान बंद करण्याआधी एक वही विकत घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.